लावा-तितरांच्या विणीचे दिवस गायरानाच्या वेळापत्रकात धरा

प्रति,
आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांतील सर्व ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
जिल्हा सांगली.

विषय: गायरान, ताली आणि बांध यांवरची कामे ठरवताना जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विचार करण्याबाबत.

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
सप्रेम नमस्कार.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत पावसाळ्यातल्या कामांचा विषय निघेल. गायरानावर खड्डे किती घ्यायचे, रोपं कोणती लावायची, चर कुठे काढायचे, गवताचा लिलाव कधी करायचा, ही चर्चा दरवर्षी होते आणि व्हायलाच हवी. यंदा तीत आणखी एक गोष्ट यावी, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ज्या महिन्यांत आपण माळावर सगळ्यांत जास्त माणसं आणि यंत्रं उतरवतो, त्याच महिन्यांत लावा, तितर, टिटवी, चंडोल तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात. कामं बंद करा असं माझं म्हणणं नाही. कामांच्या तारखा बदला, आणि काम ठरवण्याआधी तिथले पक्षी मोजा, एवढंच मागणं आहे.

हे पत्र वन विभागाऐवजी आपल्याला लिहिण्याचं कारण साधं आहे. आपल्या जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्य आहे, ते 10.87 चौरस किलोमीटरचं. 2023 मध्ये आटपाडीला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, ते 9.48 चौरस किलोमीटरचं. दोन्ही मोलाची आहेत, पण लावा आणि तितर त्या हद्दीत मावणारे पक्षी नाहीत. ते राहतात हुलग्या-मटकीच्या रानात, तालीवरच्या, म्हणजे उतारावरच्या मोठ्या मातीच्या बांधावरच्या तरवडात, ओढ्याच्या काठच्या बोरीबाभळीत आणि गावच्या गायरानात. या जागांवर काय करायचं हे वनरक्षक ठरवत नाही. गायरानाचं ग्रामपंचायत ठरवते आणि बांधाचं शेतकरी. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आपल्यासारखी समिती दिली आणि गावातल्या जीवजातींची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायचं काम त्या समितीकडे सोपवलं. पुष्कळ नोंदवह्यांत ‘पक्षी’ या सदराखाली मोर, चिमणी, कावळा, पोपट आणि एका ओळीत ‘तितर, लावा’ एवढंच लिहून पुढचं पान सुरू होतं. खरं काम त्या एका ओळीपासून सुरू व्हायला हवं.

लावा म्हटलं की आपण एकच पक्षी समजतो. मृगाचा पाऊस झाला की सकाळ-संध्याकाळ, आणि ढगाळ दिवशी भर दुपारीही, बाजरीच्या रानातून ‘व्हिच-व्हिच’ अशी दुहेरी शीळ येते. तो पावसाळी लावा. नराच्या छातीवर काळा डाग असतो. शाळू उगवून आल्यावर दिसतो तो बहुतेक वेळा मोठा लावा, उत्तरेकडून थंडीपुरता आलेला पाहुणा. दगडगोट्यांच्या माळावर, झुडपांच्या बुडातून पाच-सात जण एकदम पायाखालून भर्रकन उठतात, ते झुडपी लावे. ते बाराही महिने इथेच असतात आणि टोळी करून राहतात. चौथा पक्षी, इंग्रजीत ज्याला बटनक्वेल म्हणतात, दिसायला लाव्यासारखा, पण त्याच्या पायाला तीनच बोटं असतात. त्याची मादी नराहून मोठी आणि रंगाने उठावदार. घुमून साद घालते तीच. अंडी घातली की ती दुसरा नर शोधायला निघून जाते आणि अंडी उबवण्यापासून पिलं वाढवण्यापर्यंत सगळं नर एकटा करतो. शास्त्राच्या हिशेबाने तो लाव्यांच्या कुळातला नाहीच, टिटवीसारख्या पाणथळ काठच्या पक्ष्यांच्या जवळचा आहे.

तितरही दोन. गावाजवळ, कुंपणाच्या कडेने पळणारा, पहाटे सगळा शिवार दणाणून सोडणारा तो राखी तितर. रात्री तो काटेरी झाडाच्या खालच्या फांद्यांवर झोपतो, म्हणून त्याला गवताइतकीच बोर-बाभूळ लागते. दुसरा ठिपक्याठिपक्यांचा चित्तूर. तो पावसाळ्यात दगडावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून खरखरीत, तुटक साद घालतो, एरवी दर्शन देत नाही. त्याला राखी तितरापेक्षा दाट आणि उंच गवत हवं असतं. एकाच शिवारातल्या या पक्ष्यांच्या गरजा अशा वेगवेगळ्या आहेत. म्हणून सगळ्या गायरानावर एकच योजना राबवली की कुणाची तरी जागा जातेच.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे लावा-तितरांची शिकार पूर्वापार होत आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला लहान शिकारीचा परवाना मिळण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती संपली. आज हे सगळे पक्षी कायद्याने संरक्षित आहेत आणि शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणंही येतं. हे योग्यच झालं. पण शिकार बंद झाल्यावर या पक्ष्यांवर लक्ष ठेवणारंच कुणी उरलं नाही. वाघ, बिबट्या, माळढोक यांची गणना होते. लाव्याची कुणी करत नाही. आपल्या गावच्या माळावर दहा वर्षांपूर्वी किती तितर होते आणि आज किती आहेत, याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडे नाही. म्हातारी माणसं ‘पूर्वी पुष्कळ होते’ म्हणतात आणि ते खरंही असेल, पण एवढ्यावर कुठली योजना उभी राहत नाही.

जिथे शिकार चालू राहिली तिथे उलट झालं. शिकाऱ्यांना पक्षी हवे होते, म्हणून पक्षी का कमी झाले हे शोधायला त्यांनी पैसा लावला. शिकार पुन्हा सुरू करा असं मी अजिबात सुचवत नाही. पण त्या अभ्यासांतून जे हाती आलं ते आपल्या फायद्याचं आहे, आणि ते घ्यायला आपल्याला बंदूक उचलावी लागत नाही.

अमेरिकेत जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर बॉबव्हाइट नावाच्या लाव्याची संख्या घटू लागली तेव्हा 1924 मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड या अभ्यासकावर काम सोपवलं गेलं. त्यांचा ग्रंथ 1931 मध्ये आला. लोकांचा समज होता की शिकार आणि शिकारी प्राणी यांच्यामुळे पक्षी घटला. स्टॉडर्ड यांना दिसलं ते वेगळंच. जागाच बदलली होती. गवत दाटून त्याची गादी झाली होती आणि पिलांना पळायला मोकळी जमीन उरली नव्हती. पुढच्या कित्येक अभ्यासांतून असंही दिसलं की या पक्ष्यांपैकी दर शंभरातले सत्तर-ऐंशी एका वर्षात मरतातच, शिकार असो वा नसो. टोळी टिकते ती दर हंगामात नवी पिलं निघतात म्हणून. याचा अर्थ नीट समजून घ्या. हत्ती किंवा गिधाडाचा एखादा विणीचा हंगाम फुकट गेला तर वयात आलेली जनावरं, वयात आलेले पक्षी मागे असतात. लाव्याचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले तर मागे जवळपास कुणीच राहत नाही. म्हणून ‘दोन महिने काम चाललं तर काय बिघडलं’ हा हिशेब या पक्ष्यांना लागू होत नाही.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, आणि तो तर आपल्या बांधावर येऊन उभा राहतो. ससेक्समध्ये डिक पॉट्स यांनी 1968 मध्ये तिकडच्या करड्या तितरांची मोजणी सुरू केली. पीक निघालं की रिकाम्या रानात टोळ्या मोजायच्या, मोठे किती आणि त्या वर्षीची पिलं किती ते लिहायचं, आणि त्याच रानातले किडे-अळ्याही मोजायच्या. तीच मोजणी पन्नासहून अधिक वर्षं चालू राहिली. त्यातून दिसलं की मोठ्या पक्ष्यांवर विषबाधेची खूण नव्हती, अंड्यांतून पिलंही निघत होती, मरत होती ती पिलं. तितराचं मोठं पाखरू बी खाऊन राहतं, पण पिलाला पहिले दोन आठवडे अळ्या आणि किडेच लागतात. तणनाशकाने तण गेलं, तणावरच्या अळ्या गेल्या, आणि भर पिकाच्या रानात पिलं उपाशी मेली. तणनाशक पिलांच्या अंगाला लागलंही नव्हतं.

उपाय काय केला तेही पाहा. पिकाच्या कडेचा सहा मीटरचा पट्टा सरसकट फवारायचा नाही असं ठरलं. आणि मोठ्या रानांच्या मधोमध, नांगराने माती दोन्हीकडून चढवून, दीड-दोन फूट उंचीचे, गवताचे बांध घातले. किड्यांनी तिथे हिवाळा काढावा आणि तितराने घरटं करावं म्हणून. ज्यांच्याकडे बांध उरले नव्हते ते खर्च करून बांध घालतात, आणि आपल्याकडे आजोबा-पणजोबांनी दुष्काळात खणून काढलेल्या ताली आहेत त्या आपण दरवर्षी नांगराची एक ओळ आत घुसवून कोरत आणतो. जे उरतं त्यावर पंपाने तणनाशक मारतो. त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर उन्हाळ्यात काडी लावतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची थोडी जिराईत शेती बघतो. आमच्या मटकीच्या रानाला लागून एक जुनी ताल आहे. गेल्या श्रावणात भांगलण चालू असताना तिथल्या तरवडाच्या बुडाशी राखी तितराची मादी बसलेली दिसली. दिसली म्हणजे आधी फक्त डोळा दिसला. बाकी अंग वाळल्या पाचोळ्यात इतकं मिसळलेलं की हातभर अंतरावरूनही कडा सापडत नव्हती. बायका ओळ धरून अगदी जवळ आल्या तरी ती हलली नाही. शेवटच्या क्षणी उठली आणि वाकून, पळतच ताल उतरून गेली. खाली टाचेने उकरल्यासारखा उथळ खळगा, त्यात चार काड्या गवत आणि फिकट साय-रंगाची अंडी. आम्ही तेवढी ओळ सोडून दिली. अर्ध्या तासाने ती परत येऊन बसली होती. तिला आमचं चालणं-बोलणं, खुरपं, रेडिओ कशाचाच त्रास नव्हता. तिथे खुरप्याऐवजी रोटाव्हेटर असता, किंवा त्या तरवडावर आदल्या दिवशी फवारा गेला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती.

तितर उबवायला अठरा-एकोणीस दिवस घेतो, पावसाळी लावा सोळा ते अठरा. मादी रोज साधारण एक अंडं घालते, म्हणजे सहा-सात अंड्यांना आठवडा. पिलं जन्मतःच पळती असतात, त्याच दिवशी घरटं सोडतात, पण उडून जीव वाचवण्याइतकी व्हायला त्यांना आणखी पंधरवडा लागतो. सगळं धरून एका घरट्याला सुमारे चाळीस दिवस तो तुकडा शांत मिळायला हवा.

आता आपलं वेळापत्रक त्यावर ठेवून बघा. रोजगार हमीतून समतल चर मे-जूनमध्ये. खड्डे जूनमध्ये. वृक्ष लागवड जुलैत. राखी तितराची वीण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, टिटवीची मार्चपासून, पावसाळी लाव्याची आणि चित्तूरची पाऊस पडल्यावर. म्हणजे माळावरचं आपलं एकही मोठं काम त्यांच्या विणीच्या बाहेर पडत नाही.

पाणलोटाची कामं वाईट आहेत असं माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. आपण दुष्काळी पट्ट्यातली माणसं आहोत. 2016 मध्ये पाण्याच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं तेव्हा इकडच्या गावागावांत हुरूप आला होता, तो मी पाहिला आहे. पण चर काढायला जानेवारी-फेब्रुवारीही चालतात. तेव्हा गवत कापून झालेलं असतं, जमीन मोकळी असते, आणि त्याच माळावर पुढे जूनमध्ये पाणी अडतं. अडचण मजुरीची आहे, कारण लोकांना काम एप्रिल-मेमध्ये हवं असतं, आणि ती अडचण खरी आहे. म्हणून सगळं काम हलवणं शक्य नसेल तिथे निदान मार्चअखेर रांगा आखून झुडपांचे पुंजके राखावेत, एप्रिलनंतर यंत्र न लावता हाताने काम करावं, आणि यंत्र लावावंच लागलं तर पुढे दोन माणसं जमीन बघत चालवावीत. जून ते सप्टेंबर मात्र गवताळ तुकड्यात जेसीबी जाऊच नये.

झाडांच्या बाबतीत माझा आग्रह जास्त आहे. राज्यात 2016 ते 2019 या काळात लागवडीचं उद्दिष्ट 2 कोटींवरून 33 कोटींपर्यंत गेलं आणि खड्डे घ्यायला जागा म्हणून प्रत्येक गावाला गायरान दिसलं. महसुली नोंदीत ते पडीक असतं. पण कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी गवत ज्या मुरमाड माळावर दरवर्षी उगवतं तो माळ पडीक नाही, तो पिकलेला आहे. त्याच गवतावर खिल्लार आणि माडग्याळ मेंढी पोसली गेली. तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी दाट लावली की पाच-सात वर्षांत सावलीखालचं गवत जातं, चाराही जातो आणि लावाही. झाडं लावायचीच आहेत तर ओढ्याच्या काठाला, पाणंदीला, शाळेभोवती, गावठाणात लावा. माळावर लावायचं असेल तर बोर, हिवर, बाभूळ, तीही विरळ. गायरानाचा निम्मा भाग तरी ‘येथे लागवड नाही, गवत राखीव’ असा ठरावात लिहा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपालसिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनी राखण्याचा निकाल दिला आहे, तोही ठरावाच्या पाठीशी लावता येईल. आता सौर कृषी वाहिनीसाठीही गायरानं मागितली जातात. विजेची गरज मला शेतकरी म्हणून ठाऊक आहे, पण जागा देण्याआधी त्या तुकड्यावर एक पावसाळाभर मोजणी व्हावी आणि मगच कुठला तुकडा द्यायचा ते ठरावं.

वणव्याचं थोडं सांगतो. स्टॉडर्ड यांनी नियंत्रित जाळाची शिफारस केली होती, हे वाचून कुणी काडी लावायला मोकळीक आहे असं समजू नये. त्यांचा जाळ लहान लहान तुकड्यांत, थंडीच्या शेवटी, विणीच्या आधी, माणसं उभी करून लावलेला होता, आणि त्यांच्याकडचं गवत-झाडोरा अतोनात दाटलेला होता. आपल्याकडे डोंगरच्या डोंगर एका रात्रीत जातो. त्यानंतर पावसापर्यंत तिथे आडोसा म्हणून काडी उरत नाही. शिवाय आपल्याला ते गवत चाऱ्याला हवं असतं. तेव्हा आपल्याला कापणी आणि चराई हीच साधनं बरी. एका वर्षी एक तुकडा, दुसऱ्या वर्षी दुसरा, अशी चराईबंदी आळीपाळीने केली तर उंच गवत, आखूड गवत आणि मोकळी जमीन तिन्ही एका शिवारात मिळतात. मेंढपाळ या पक्ष्यांचा वैरी नाही, फक्त कळप पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत सगळ्या माळभर एकदम पसरू नये. त्यांच्याशी बसून ठरवा, वरून हुकूम काढू नका.

बियाण्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती कृषी सहायकांनी प्रत्येक पेरणीच्या बैठकीत सांगावी अशी माझी विनंती आहे. बीजप्रक्रियेत वापरलेल्या काही कीटकनाशकांचं बी तितरांनी खाल्लं तर काय होतं याचे प्रयोग स्पेनमध्ये लाल पायांच्या तितरांवर झाले. इमिडाक्लोप्रिड लावलेलं बी नेहमीच्या मात्रेत मिळालेले पक्षी मेले आणि मात्रा कमी होती तिथेही विणीवर परिणाम दिसला. बी मातीआड गेलं तर धोका कमी. पण रानाच्या कडेला यंत्र वळतं, फण उचलले जातात, तिथे लालनिळं बी पसाभर वर सांडलेलं असतं. ते पायाने माती ओढून झाकायला दोन मिनिटं लागतात.

मोजणीसाठी प्राध्यापक आणि दुर्बिणी यायची वाट बघायला नको. जमिनीवरचे हे पक्षी नजरेपेक्षा कानाने मोजावे लागतात. गावाच्या नकाशावर पाणंदीच्या आणि गायरानाच्या कडेने सात-आठ जागा कायमच्या ठरवा, एकमेकींपासून अर्धा किलोमीटर तरी लांब. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिल्या जागेवर उभं राहायचं, पाच मिनिटं शांत ऐकायचं, किती नर ओरडतात आणि कुठल्या दिशेला ते लिहायचं, आणि पुढच्या जागेवर जायचं. वारा असेल त्या दिवशी मोजायचं नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, मग आषाढात, मग श्रावणात. आणि बाजरीची काढणी झाली की त्याच रानांत संध्याकाळी टोळ्या बघायच्या, मोठे किती आणि पिलं किती. एवढी नोंद झाली तर वीण जमली की बुडाली हे कळतं. एका वर्षाच्या आकड्यावरून आनंद किंवा शोक करू नका, कारण हे पक्षी पावसाबरोबर वर-खाली होतात. पाच-सात वर्षांची वही झाल्यावर ती बोलायला लागेल. मोबाईलवर नराचा आवाज लावून पक्षी बोलवायचे नाहीत, ना मोजणीसाठी, ना फोटोसाठी. विणीत असलेला नर त्या आवाजामागे वेळ आणि ताकद घालवतो, आणि जाळी लावणारेही हीच युक्ती वापरतात.

मोजणीला कुणाला बरोबर घ्यायचं, तर आधी मेंढपाळ आणि पारधी समाजातली जाणती माणसं. माळावर कुठे काय ओरडतं हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. फासेपारध्यांची नोंद इंग्रजांनी 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली गुन्हेगार म्हणून केली, 1952 मध्ये ती रद्द झाली, पण गावाच्या नजरेतून ती अजून पुरती गेलेली नाही. लावा-तितर कमी झाले की बोट पहिलं त्यांच्याकडे जातं. फासकी लावणं आज गुन्हा आहे आणि तो कुणीही केला तरी गुन्हाच. पण बांध कोरणारा, माळ पेटवणारा, अंड्यांवरून जेसीबी नेणारा यांची नावं त्या यादीत कधी येत नाहीत. अकोला-वाशीमकडे फासेपारधी कुटुंबांनीच गवताची कुरणं राखायचं काम हाती घेतलं आहे आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी त्यांच्याकडून आल्या आहेत. आपल्याकडेही समितीच्या निधीतून त्यांना मोजणीचं मानधन मिळावं. फुकट माहिती काढून घेऊ नये.

जमिनीवरच्या अंड्या-पिलांना धोका असलेल्या मोकाट कुत्र्यांबद्दल एकच सांगतो: कुक्कुटपालनाच्या शेडमधली मेलेली कोंबडी गायरानात टाकणं थांबलं तर निम्मा प्रश्न सुटेल. खड्डा घेऊन पुरणं ही शेडमालकाची जबाबदारी आहे आणि ग्रामपंचायत तशी नोटीस देऊ शकते.

ग्रामसभेत ठराव मांडायचा झाला तर तो असा असावा. गावातल्या गायरानाचे गट नंबर आणि त्यातला गवतासाठी राखीव निम्मा भाग नकाशावर दाखवावा. जून ते सप्टेंबर त्या भागात यंत्रकाम आणि खड्डे बंद. गवताची कापणी दसऱ्यानंतर, आणि दर चार-पाच ओळींमागे एक ओळ उभी सोडून. सार्वजनिक पाणंदी आणि ताली यांवर तणनाशक व जाळ बंद. खासगी बांधाला सक्ती नको, पण जो शेतकरी बांध राखेल त्याचं नाव नोंदवहीत यावं आणि बांधबंदिस्तीच्या योजनांत त्याला आधी घ्यावं. मोजणीचे आकडे दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, पीकपाण्याची आणि टँकरची माहिती वाचतात तसे.

आमच्या शाळेतली नववीची मुलं आवाज ओळखायला शिकली आहेत. ज्या गावाला पहिल्या मोजणीसाठी मदत हवी असेल तिथे त्यांना घेऊन मी येईन. मृग निघाला आणि पहिला दमदार पाऊस झाला की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे सुरुवात करता येईल. गावचा नकाशा, घड्याळ आणि एक वही तयार ठेवावी, आणि मोजणीच्या जागा आदल्या संध्याकाळी मेंढपाळांबरोबर फिरून ठरवून घ्याव्यात.

आपला,
आटपाडी तालुक्यातील एक शेतकरी आणि विज्ञान शिक्षक